चौकाचे घर: अहमदाबादच्या जुन्या हवेल्यांची दुरुस्ती आणि आजचे राहणीमान

घर हे केवळ निवाऱ्याचे साधन नव्हे. ऊन, वारा, प्रकाश आणि पाणी यांचे नियमन करणारे ते एक यंत्रही आहे. विटा, चुना आणि लाकूड यांचे हे यंत्र बनलेले असते आणि त्याचा एकही भाग हालताना दिसत नाही, म्हणून आपण त्याला यंत्र म्हणत नाही, इतकेच. परंतु कोणतेही यंत्र दुरुस्त करावयाचे झाल्यास त्याचा कोणता भाग काय काम करतो हे प्रथम समजून घ्यावे लागते. ते न समजता केलेली दुरुस्ती बहुधा नव्या बिघाडास कारण होते. जुन्या घरांच्या बाबतीत या साध्या नियमाचा आपल्याला नेहमी विसर पडतो आणि मोठ्या हौसेने, मोठा खर्च करून आपण त्या घरांचे आयुष्य कमी करतो. हे कसे घडते आणि कसे टाळता येते, हे अहमदाबाद शहरातील जुन्या हवेल्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

साबरमतीच्या काठी हे शहर सुलतान अहमदशहाने १४११ साली वसविले. २०१७ साली युनेस्कोने त्याच्या तटबंद जुन्या भागाचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला आणि असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. हा मान तेथील मशिदी व मंदिरे यांच्याबरोबरच तेथील सामान्य गृहस्थांच्या लाकडी घरांनाही मिळालेला आहे. तथापि वारशाच्या अभिमानापेक्षाही निकडीचे असे एक कारण या घरांकडे लक्ष देण्यास आहे. २० मे २०१६ रोजी अहमदाबादेत ४८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्यापूर्वी २०१० सालच्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत, त्या महिन्यात एरवी होणाऱ्या मृत्यूंपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. ज्या शहरात उन्हाळा माणसांचे प्राण घेतो, तेथे विजेवाचून थंड राहणारे घर ही केवळ पाहण्याची वस्तू राहत नाही.

घराची रचना

जुन्या अहमदाबादेत ‘पोळ’ या नावाने ओळखले जाणारे सुमारे सहाशे मोहल्ले आहेत. एका दरवाजातून आत शिरावे, तो पुढे अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंस एकमेकांना टेकून उभी असलेली घरे आणि मध्यंतरी पक्ष्यांना दाणे घालण्याचा उंच, कोरीव चबुतरा, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. घराचे तोंड अरुंद आणि लांबी बरीच असते. रस्त्यालगत ओटा, त्याच्या आत ‘खडकी’ म्हणजे देवडीवजा खोली, मग उघडा चौक, चौकापलीकडे ‘परसाळ’ म्हणजे आपली ओसरी, आणि सर्वांत आत ‘ओरडो’ ही अंधारी, थंड खोली, असा क्रम बहुतेक घरांत आढळतो. स्वयंपाकघर आणि पिण्याच्या पाण्याची जागा चौकाच्या बाजूस असते आणि चौकाच्या फरशीखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टांके असते.

मराठी वाचकांना ही रचना अनोळखी वाटणार नाही. ओटा, देवडी, चौक, ओसरी आणि माजघर हा पुण्याच्या किंवा नाशिकच्या वाड्याचाही क्रम आहे. १७५३ साली रघुनाथराव पेशवे व दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतल्यापासून १८१७ सालापर्यंत त्या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता आणि तेथील गायकवाड हवेली अजून त्या काळाची आठवण देते. दोन्हीकडची घरे निरनिराळ्या कारागिरांनी बांधली, तरी ऊन आणि पाऊस यांच्यापासून उत्पन्न होणारे प्रश्न सारखे असल्यामुळे उत्तरेही सारखी निघाली. म्हणून पुढील विवेचन थोड्याफार फरकाने वाड्यांनाही लागू पडेल.

चौक काय काम करतो

चौकाचा पहिला उपयोग प्रकाशाचा. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्यामुळे त्यांत खिडक्या काढता येत नाहीत. मधल्या आणि मागच्या खोल्यांना उजेड मिळतो तो चौकातूनच. परंतु त्याचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. रात्री आकाश निरभ्र असता गच्ची, कौले आणि चौकाची फरशी आपली उष्णता आकाशाकडे टाकतात. त्यांच्या सान्निध्यातील हवा थंड होते आणि थंड हवा जड असल्यामुळे चौकात खाली उतरून भोवतालच्या खोल्यांतून पसरते. सकाळी दारे-खिडक्या लावून घेतल्या की हा गारवा बराच वेळ टिकतो. चौक अरुंद आणि खोल असल्याकारणाने त्याच्या तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचते. दुपारी वरची हवा तापून निघून जाऊ लागली की रस्त्याकडील सावलीतील हवा खडकीतून आत ओढली जाते.

या कामी जाड भिंतींची मदत होते. सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीच्या वीटभिंतीतून बाहेरची उष्णता आतल्या बाजूस पोहोचण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागतो. दुपारचा ताप रात्री आत येतो आणि तोवर चौक थंड हवा पुरवू लागलेला असतो. याच्या उलट, चार-पाच इंची भिंतीच्या खोलीत दुपारची उष्णता दुपारीच, माणूस घरात असतानाच, हजर होते. अर्थात या यंत्रालाही मर्यादा आहेत. पावसाळ्यात आकाश ढगाळ व हवा दमट असते, तेव्हा चौकाचा गारवा फारसा जाणवत नाही आणि पंख्यावाचून भागत नाही.

कुटुंब वाढले, जागा अपुरी पडू लागली, म्हणजे अनेक मालक चौकावर काँक्रीटचा स्लॅब घालून एक खोली मिळवितात. या एका खोलीपायी घरातील इतर सर्व खोल्या उजेडाला आणि वाऱ्याला मुकतात. दिवसा दिवे लावावे लागतात, भिंतींतील ओल सुकत नाही आणि पुढे वातानुकूलन यंत्र आणावे लागते. त्याचा गरम श्वास सोडण्यासही मग जागा उरत नाही. पावसाची आणि माकडांची अडचण खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. माकडे आणि चोर यांच्यासाठी वरच्या मजल्याच्या पातळीवर लोखंडी जाळी बसविण्याची जुनी रीत उत्तम आहे. पावसासाठी गच्चीच्या कठड्याहून दोन-तीन फूट उंच, चारी बाजूंनी उघडे आणि हंगाम संपताच सरकवून बाजूस घेता येईल असे आच्छादन करावे. उन्हाळ्यात दुपारी चौकावर जाड कापड ओढावे आणि सूर्यास्तानंतर ते काढून घ्यावे. रात्री चौकाला आकाश दिसले पाहिजे, हा त्यातील मुख्य मुद्दा होय.

चुना आणि सिमेंट

जुन्या घराची सर्वांत मोठी हानी होते ती सिमेंटच्या गिलाव्यामुळे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. सिमेंट चुन्याहून पुष्कळ टणक असते. मग त्याने भिंत अधिक मजबूत का होऊ नये?

याचे उत्तर भिंतीतील पाण्यात आहे. जुन्या घरांच्या पायात ओल अडविणारा थर नसतो. जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, वर चढते. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर त्याच्या छिद्रांतून या पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि ओल जमिनीपासून थोड्याच उंचीवर थांबते. सिमेंटचा गिलावा ही वाट जवळजवळ बंद करतो. पाणी मग आतल्या आत अधिक उंच चढते. त्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साचून त्यांचे स्फटिक बनतात आणि त्या स्फटिकांच्या दाबाने विटेचा पृष्ठभाग भुगा होऊन गळू लागतो. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. काही वर्षांनी गिलावा पोकळ होऊन निखळतो, मालक पुन्हा अधिक जाड सिमेंट लावतो आणि ओल आणखी वर चढते. शेवटी ती भिंतीत घुसविलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचते. लाकूड तेथेच, दृष्टीआड, कुजू लागते आणि ओलसर लाकडाला वाळवी लागते. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या घराची तुळई एखाद्या पावसाळ्यात अचानक खाली येते ती यामुळे.

चुन्याचे रसायनशास्त्र सोपे आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली असता तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व चुनकळी उरते. चुनकळी पाण्यात विरवली की ती उकळून फुगते आणि तिचा मऊ चुना होतो. हा चुना भिंतीवर लावल्यावर हवेतील तोच वायू सावकाश परत शोषून घेतो व पुन्हा चुनखडीच्या रूपास जातो. हे काम आठवड्यांचे नव्हे, महिन्यांचे असते. चुन्यात चांगल्या भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी मिसळली असता तो पाण्यातही घट्ट होतो. म्हणून टांकी, गच्च्या आणि पाया यांसाठी सुरखीचा चुना वापरीत. चुना मुरू द्यावा लागतो, गिलावा काही दिवस ओलसर ठेवावा लागतो आणि पातळ थर एकावर एक द्यावे लागतात. घाई असलेल्या कंत्राटदाराला हे काम नकोसे वाटते. परंतु ज्याला आणखी शंभर वर्षे टिकायचे आहे अशा घरास दोन महिने अधिक देण्यात तोटा नाही.

म्हणून दुरुस्ती करताना सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढून टाकावा, भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवून सुकू द्यावी, गळालेल्या विटा बदलाव्यात, दर्जा चुन्याने भराव्यात आणि मग चुन्याचा गिलावा करावा. वरून चुन्याचाच रंग द्यावा. तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग लावल्यास सिमेंट काढल्याचा लाभ बव्हंशी नाहीसा होतो.

लाकडाचा सांगाडा

या घरांच्या वीटभिंतींत ठराविक उंचीवर लाकडी पट्टे आडवे घातलेले असतात आणि ते खांब व तुळया यांच्याशी जोडलेले असतात. हे केवळ शोभेसाठी नाही. वीटकाम दाब सोसते, पण ताण सोसू शकत नाही. लाकूड ताण सोसते आणि थोडे वाकतेही. भूकंपात चुन्याचे सांधे किंचित सरकतात, त्या घर्षणात धक्क्याची शक्ती खर्च होते आणि लाकडी पट्टे भिंत फुटून वेगळी होऊ देत नाहीत. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे दगावली. त्या मानाने जुन्या नगरातील लाकूड घातलेल्या घरांची हानी कमी झाली, असे पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी नमूद केले आहे. यावरून जुने ते सर्व सुरक्षित असा निष्कर्ष कोणी काढू नये. १८१९ सालच्या कच्छच्या भूकंपात याच शहरातील जामा मशिदीचे उंच मिनार कोसळले होते. शिवाय ज्या घरातील तुळयांची टोके कुजली आहेत, त्या घरात पट्टा नावापुरताच उरतो.

लाकडाच्या दुरुस्तीचा नियम असा की, निरोगी भाग ठेवावा आणि कुजलेला तेवढाच काढावा. खांब बहुधा तळाशी कुजतो. घराचा भार धिऱ्यांवर तोलून धरून तो भाग कापावा, तशाच जातीच्या जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा खाचेत बसवून सांधावा आणि तळाशी दगडी उथळा द्यावा. तुळईचे टोक गेले असल्यास दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या लावून तिला आधार देता येतो. मात्र नवे टोक भिंतीत चिणून न टाकता त्याच्या भोवती हवा खेळण्यास थोडी फट ठेवावी. कमकुवत दगडविटांच्या बांधकामांना भूकंपात टिकाव धरता यावा यासाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ साली मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले आहे. अभियंत्याने ते पाहूनच काम हाती घ्यावे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या मोहल्ल्यांतील घरे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. एखाद्याने आपले घर पाडून तेथे काँक्रीटची इमारत उभारावयास घेतली की दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींचा टेकू जातो आणि खोल पाया खणताना त्यांचा पायाही उघडा पडतो. आपले घर पाडणे ही अशा ठिकाणी केवळ आपली खाजगी बाब राहत नाही.

टांके आणि सांडपाणी

अहमदाबादेत वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ६० चौरस मीटरच्या छपरावर पडणाऱ्या या पावसाचे पाणी ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर होते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ३८,००० लिटरांहून अधिक पाणी हाती लागते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यासाठी दररोज माणशी पाच लिटर पाणी लागते असे मानल्यास वर्षाची गरज ९,१२५ लिटरांची होते. म्हणजे पिण्याचे वर्षाचे पाणी छपरावर पडते आणि वाहून जाते. पहिल्या पावसाचे पाणी धूळ व विष्ठा वाहून नेण्यासाठी सोडून द्यावयाचे आणि मग पन्हळ टांक्याकडे वळवावयाची, ही घरोघरची रीत होती. टांक्यात उजेड नसल्यामुळे शेवाळ धरत नसे.

१८९१ साली रणछोडलाल छोटालाल यांच्या पुढाकाराने शहरात नळाचे पाणी आले आणि कालांतराने बहुतेक टांकी विस्मरणात गेली. त्यांचे पुनरुज्जीवन करताना मात्र घाई घातक ठरेल. टांक्याजवळून गेलेल्या मैल्याच्या नळातून झिरपा होत असल्यास तेच टांके रोगाचे आगर बनते. म्हणून टांके उपसून, गाळ काढून, तडे सुरखीच्या चुन्याने भरून घ्यावेत. जवळचे सर्व नळ बदलावे आणि पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याखेरीज ते पिऊ नये. तोपर्यंत कपडे व फरशी धुण्यास ते वापरण्यास हरकत नाही.

नव्या सोयी कोठे बसवाव्यात

जुन्या घरातून लोक निघून जातात ते कोरीव खांब आवडत नाहीत म्हणून नव्हे. शौचकूप तळमजल्यावर, जिना उभा आणि अंधारा, स्वयंपाकघर कोंदट, या अडचणींपायी ते जातात. विशेषतः वृद्धांना आणि दिवसातून दहा वेळा जिना चढउतार करणाऱ्या स्त्रियांना त्यांचा जाच होतो. त्या अडचणी दूर न करता वारशाचे गोडवे गाणे हा अन्याय होय.

स्नानगृहे व शौचकूप एकावर एक, एकाच उभ्या ओळीत आणि शक्यतो घराच्या मागील टोकास घ्यावीत. त्यामुळे नळ थोडे लागतात आणि गळती झाल्यास ती एकाच ठिकाणी शोधता येते. लाकडी तक्तपोशीवर मोरी बांधावयाची असल्यास तिच्याखाली पाणी न झिरपणारे, कडा वर वळविलेले स्वतंत्र तबक बसवावे. नळ भिंतीत पुरू नयेत, ते उघडे असावेत, म्हणजे ठिबकणारे पाणी पहिल्याच दिवशी दिसते. गच्चीवरील पाण्याची हजार लिटरांची टाकी भरली असता तिच्यातील पाण्याचेच वजन एक टन होते. ती तुळयांच्या मध्यावर न ठेवता भार वाहणाऱ्या भिंतीवर ठेवावी. विजेच्या तारा नळीतून तुळयांच्या कडेने न्याव्यात, भिंतींना चर पाडू नयेत. लाकडी घरात जुन्या, सैल तारा म्हणजे आगीस निमंत्रण होय. म्हणून गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण अवश्य बसवावे. एखाद्या खोलीत वातानुकूलन हवेच असेल, तर त्याचा बाहेरील भाग गच्चीवर ठेवावा, चौकात नव्हे. चौकात गरम हवा सोडणे म्हणजे विहिरीत सांडपाणी सोडण्यासारखेच आहे. जिना मात्र आवश्यक तर नवा, रुंद आणि धरावयास कठडा असलेला करण्यास संकोच मानू नये.

मालकी आणि खर्च

तंत्र माहीत असूनही दुरुस्ती होत नाही याची कारणे कित्येकदा कागदोपत्री असतात. एका घराचे वारसदार वीस, त्यांतील पंधरा परगावी, आणि खालच्या मजल्यावर भाडेकरू, ही स्थिती सर्रास आढळते. १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यामुळे, जो पुढे गुजरातेतही लागू राहिला, भाडी गोठली आणि मालकांस दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही. भाडेकरूला संरक्षण मिळाले हे योग्यच झाले, परंतु छप्पर शाकारण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९६ साली वारसा विभाग स्थापन केला आणि पुढील वर्षी जुन्या नगरातून माहितीपर पदयात्रा सुरू केली. वारसा म्हणून नोंदलेल्या घराच्या मालकास न वापरलेला बांधकामाचा हक्क विकून दुरुस्तीसाठी पैसा उभा करता यावा, अशीही तरतूद पुढे झाली. यांपैकी कशाचाही उपयोग होण्यासाठी वारसदारांनी प्रथम एकत्र बसून एकाच्या हाती अधिकार द्यावा लागतो. प्रत्यक्ष कामाची सुरुवात अनेकदा या बैठकीपासूनच करावी लागते.

पैसा थोडा असेल तर कामाचा क्रम चुकवू नये. प्रथम छप्पर आणि पन्हळी, म्हणजे वरून येणारे पाणी, नंतर सांडपाण्याचे नळ आणि जोते, म्हणजे खालून येणारे पाणी, त्यानंतर कुजलेले लाकूड, मग भिंती, आणि सर्वांत शेवटी रंग व कोरीवकाम. बहुतेक ठिकाणी नेमके उलट केले जाते. दर्शनी कोरीवकामास तकाकी येते आणि आत छप्पर गळत राहते.

रुडकी येथे १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेपासून आजपर्यंत आपल्या देशात घरांतील उष्णता, ओल आणि बांधकामाचे साहित्य यांवर पुष्कळ संशोधन झाले आहे. जुन्या गवंड्यांना अनुभवाने ठाऊक असलेल्या गोष्टींची कारणे या संशोधनाने उलगडली. कारणे कळली म्हणजे कोठे बदल करावा आणि कोठे करू नये हे ठरविता येते. ज्यांच्याकडे असे घर आहे त्यांनी गवंड्याला बोलावण्यापूर्वी एक पावसाळा आणि एक उन्हाळा घराचे नीट निरीक्षण करावे. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, वारा कोणत्या वेळी कोणत्या दाराने शिरतो, भिंत कोठे ओली राहते, हे वहीत टिपून ठेवावे. ही वही हाती असली म्हणजे कारागिराशी आणि अभियंत्याशी नेमके बोलता येते, आणि पैसा जेथे खरोखर लागला पाहिजे तेथेच लागतो.